सामान बोलत नाही

कोस्कीबाईंचं एक वाक्य सुरू झालं की चहाचं आधण ठेवावं, चहा करावा, प्यावा, कप विसळून पालथे घालावेत, तरी पूर्णविराम यायचा असे. शाळेत त्या सुतारकाम शिकवायच्या. करवतीचा आवाज चढला की बाईंचा आवाज त्याच्याही वर चढे, आणि पहिल्यांदा दमायची ती करवत. बाईंचे वडील गावच्या लाकूडगिरणीत होते. घराणं फिनलंडहून इकडे आलेलं. हा माणूस दिवसातून दोनदा बोले, एकदा कॉफी मागायला आणि एकदा ती गार झाल्याचं सांगायला. आई त्याहून मितभाषी. "आमच्या घरात शब्दांची फार बचत झाली," बाई म्हणत, "आणि सगळी शिल्लक माझ्या वाट्याला आली."

बाईंचा खरा वर्ग मात्र जूनमध्ये भरायचा. तळ्यांवरचा बर्फ जाऊन पाणी जरा हात घालण्याजोगं झालं, परीक्षेने जीव कंठाशी आला, की बाई वरच्या वर्गातली पोरं घेऊन गावाच्या उत्तरेला तळ्यांच्या मुलखात आठवडाभर जायच्या. होड्या शाळेच्याच, कॅनव्हास चढवलेल्या, वर्गातच ठिगळं लावलेल्या. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर मधल्या रानातून होडी खांद्यावर पालथी घेऊन चालायचं. तंबू, पोती, भांड्यांचा लाकडी पेटारा, सगळं पाठीवर. पेटाऱ्याचा पट्टा कपाळावरून घ्यायचा. पहिल्याच मुक्कामाला पोरांची कपाळं लाल आणि माना वाकड्या व्हायच्या. बाई सगळ्यांना मावशीने भाजून दिलेला वेलदोड्याचा गोड पाव वाटायच्या आणि शिकवण चालू.

"वल्हं म्हणजे चमचा नव्हे. ढवळू नकोस, ओढ. आपण सूप करत नाही आहोत."

"होडी दगडावरून फरफटवू नका रे. आपली आत्या पायऱ्यांवरून अशी ओढत नेता का?"

"पाय भिजले? मग? पाय काय साखरेचे आहेत?"

हे सगळं मार्गो लाशान्स नावाची मुलगी हुबेहूब म्हणून दाखवायची. नुसता आवाज नव्हे. बाई वाक्याच्या मध्ये श्वास घेतात तिथेच ती घ्यायची, आणि "मग?" म्हणताना बाईंची डावी भुवई वर जाते तशी तिचीही जायची. बाईंना हे माहीत होतं आणि आवडतही होतं. फक्त त्या तसं सांगत नसत, एवढीच एक गोष्ट त्यांनी आयुष्यात न सांगता ठेवली असेल.

आता अशा बाईंच्या सहलीत एक दिवस मौनाचा असायचा, यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नसे. चौथा दिवस. त्या दिवशी बाई म्हणजे सामान. होडीच्या मध्यभागी पोत्यावर बसायचं, वल्हं हातात घ्यायचं नाही, नकाशा बघायचा नाही, तोंड उघडायचं नाही. कुणाच्या जिवावर बेतलं तरच बोलायची मुभा. वाट शोधायची पोरांनी, मुक्कामाची जागा ठरवायची पोरांनी, चूल त्यांची, चुका त्यांच्या. संध्याकाळी पहिली रोटी तव्यावरून उतरली आणि बाईंनी तिचा घास घेतला की सामानाची पुन्हा बाई व्हायची. मध्येच बोलल्या तर उरलेली सगळी सहल भांडी बाईंनी घासायची.

ही चाल बाईंनी विचार करून पाडली होती असं मुळीच नाही. पहिल्याच सहलीत चौथ्या दिवशी त्यांची दाढ सुजली. जबडा भोपळ्याएवढा, बोलायची सोय नाही. पोत्यावर पडून त्या कण्हत राहिल्या आणि पोरांनी त्यांना तीन तळी पार करून नेलं, तंबू ठोकले, मासेसुद्धा पकडले. बाईंच्या मनाला ते जरा लागलंच. पण दुसऱ्या दिवसापासून ती पोरं चालायला लागली ती अशी, जणू तळी त्यांच्या मामाची. बाईंनी दाढ काढून टाकली आणि दिवस ठेवला.

यंदाची गोष्ट वेगळी होती. बाईंचा खुबा कामातून गेला होता. ऑक्टोबरात नवा बसवायचा, आणि डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की पेटारा पाठीवर घेऊन दगडातून चालायचे दिवस संपले. प्राचार्या म्हणाल्या, दुसरा कुणी शिक्षक सहल घ्यायला तयार असेल तर पुढच्या वर्षी ठेवू, नाहीतर बंद. दुसरा शिक्षक म्हणजे एकच, वेंडेल प्रुइट. रसायनशास्त्राचे नवे सर, दक्षिणेतल्या मोठ्या शहरातून आलेले, उंच, हडकुळे, बोलण्याआधी चष्मा पुसणारे. यंदा सोबत आले होते. "सहल संपली की सांगतो," एवढंच त्यांनी प्राचार्यांना कळवलं होतं.

त्यांनी हो म्हणावं म्हणून बाई काय वाटेल ते करायला तयार होत्या. गप्प बसणं सोडून.

पहिल्या दिवशी त्यांनी सरांनी मारलेली होडीची गाठ सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्या दिवशी त्यांचा तंबू हलवला, कारण पाऊस आला असता तर पाणी आत आलं असतं. पाऊस आला नाही. सरांनी रोटीच्या पिठात मनुका घालायला घेतल्या तेव्हा बाईंनी पिशवीच काढून घेतली. "काळ्या माश्यांच्या दिवसात मनुका? घासात मनुका कुठली नि माशी कुठली, अंधारात कोण ओळखणार?" सगळी हसली. सरही हसले आणि चष्मा पुसू लागले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मार्गोने चुलीपाशी उभं राहून बाईंचा आवाज काढला. "वेंडेल, ही गाठ नव्हे रे बाबा. हा बुटाच्या नाडीला आलेला झटका आहे." ॲन्सेल नावाचा धिप्पाड मुलगा हसताना लाकडाच्या ओंडक्यावरून मागे पडला. सर पण हसले. मग त्यांनी भांडी उचलली आणि कुणाला न बोलावता एकटेच पाण्याकडे घासायला गेले. बाईंनी त्यांची वाकलेली पाठ बघितली आणि पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. हा माणूस नाही म्हणणार. आणि त्याला नाही म्हणायला आपणच लावणार.

म्हणून चौथ्या दिवशी सकाळी बाई सामान झाल्या त्या अगदी निश्चयाने. ॲन्सेलने भूर्जाच्या सालीचा तुकडा त्यांच्या जाकिटाच्या बटणाला बांधला. त्यावर कोळशाने लिहिलं होतं, "नाजूक. ही बाजू वर."

"सामानाला काही बोलायचंय का?" मार्गोने विचारलं.

बाईंनी ओठ मिटून आकाशाकडे बघितलं.

"भांडी घासायला कुणी उत्सुक दिसत नाही," ॲन्सेल म्हणाला. "चला."

सरांच्या होडीत मागे सर, पुढे नकाशा घेऊन जोलीन बिअर्डी, मध्ये पोत्यावर बाई. जोलीनला तिच्या मोठ्या भावाने पैज लावून या सहलीला पाठवलं होतं. चिखल, माश्या आणि ओले मोजे या तिन्हींवर तिचा सारखाच राग. "माझी आजी अशाच तळ्यावर तंबूत जन्मली," ती म्हणायची, "म्हणूनच ती आता म्हणते, घराला भिंती असाव्यात."

केटल तळं ओलांडायला सकाळ गेली. बाजूने वारा होता आणि सरांची होडी नागमोडी चालली होती. मागून वल्हं कसं धरलं की होडी सरळ जाते हे बाईंच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. त्यांनी दातांनी ते दाबून धरलं. तेवढ्यात शेजारच्या होडीतून बाईंचाच आवाज आला.

"वेंडेल, सरळ रेष वहीत असते हे मला माहीत आहे. पण पाण्यावरही एखादी मारून बघ."

बाईंच्या मनात शब्द न शब्द हेच होतं. आपल्याच डोक्यातलं दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडताना ऐकणं म्हणजे स्वतःच्या घराच्या खिडकीतून स्वतःला बघण्यासारखं. आणि त्या बघण्यात बाईंना दिसलं की सरांचे कान लाल होतात.

"मार्गो," सर म्हणाले, "सामान गप्प आहे. त्याच्या वतीने कुणी बोलायचं नाही असा नियम करू या का?"

"नियम बाईंचे असतात, सर."

"आज माझे आहेत."

होड्यांत क्षणभर कुणी वल्हं मारलं नाही. बाईंनी खाली वाकून बुटाची नाडी नीट केली, कारण चेहऱ्यावर आलेलं हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

तळ्याच्या टोकाला होड्या लागल्या. इथून पेटीकोट तळ्यात जायचं, मध्ये रान. बाईंना ही वाट घरातल्या जिन्यासारखी पाठ होती. वाकलेल्या मोठ्या पाइनखालून डावीकडे शिरायचं, रुंद, सपाट, मऊ वाट, होडी खांद्यावर असली तरी शीळ घालत जावं अशी. उजव्या हाताला खडकावरून एक अरुंद वाट वर चढत होती. तिथल्या झाडांवर कुऱ्हाडीच्या खुणा. बाईंच्या मते ती फासे लावणाऱ्या कुणा शिकाऱ्याची हिवाळ्यातली वाट. त्याच्या खोपटापर्यंत जाते आणि तिथेच संपते.

ॲन्सेलने होडी उचलली आणि डावीकडे निघाला.

"मी तिकडून येणार नाही," जोलीन म्हणाली.

"का?"

"ओलं आहे."

सगळ्यांनी एकसुरात म्हटलं, "पाय काय साखरेचे आहेत?" बाईंनीही म्हटलं असतं. बाईंनी आधी म्हटलं असतं. म्हणून पाठीवर थाप मारून तिला पुढे घातलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

सर मात्र होडीतून उतरून तिच्याजवळ गेले. "कुठे ओलं आहे? दाखव."

जोलीनला कुणी दाखव म्हणेल असं वाटलं नव्हतं. तिने जरा संशयाने त्यांच्याकडे बघितलं आणि बोट केलं. "हे बघा. झुडपांच्या बुडाशी पाणी आहे. चिखल नाही, पाणीच. आणि पलीकडे ती झाडं करडी झालीत. एकालाही पान नाही. मेलीत."

सरांनी चष्मा पुसला. पाण्यात काठी खुपसली. मग वर जाऊन उजवीकडच्या झाडावरची खूण नखाने खरवडली आणि बोट हुंगलं. "डिंक ओला आहे. खूण नवीन आहे."

"पण नकाशात वाट डावीकडे आहे," ॲन्सेल म्हणाला. "होडी खाली ठेवू का उचलू, ते सांगा आधी. मान गेली माझी."

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी पाइनकडे बघितलं. जिवावर बेतलं होतं का? नव्हतं. शिकाऱ्याच्या खोपटापर्यंत चढून परत यायचं, दिवस वाया, खांदे सोलून निघणार, एवढंच. आणि हे सगळं टाळायला एकच शब्द पुरला असता. डावीकडे. बाईंनी तो गिळला. आयुष्यात इतकं जड काही त्यांनी गिळलं नव्हतं, अगदी मावशीच्या हातची कोबीची भाजी धरून.

"मला खात्री नाही," सर म्हणाले. "उजवीकडची वाट कुठे जाते मला माहीत नाही. पण डावीकडे पाणी आहे हे दिसतंय. मी उजवीकडे म्हणतो. कुणाचं वेगळं मत?"

"सामानाचं," मार्गो म्हणाली. "पण ते बोलत नाही."

चढ वाईट होता. होड्या फांद्यांत अडकत होत्या, माश्या कानात शिरत होत्या, पेटारा सरांच्या पाठीवर खडखडत होता. बाई आपली पिशवी घेऊन शेवटी, काठी टेकत. खुबा प्रत्येक पावलाला आपली हजेरी देत होता. पण बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या संध्याकाळचं भाषण जुळवत होत्या. सुरुवात सौम्य. वेंडेल, तू हुशार आहेस. मग हळूहळू. हुशारी वेगळी आणि वाट वेगळी. मग पाइनचं झाड, ते कधीपासून तिथे वाकलंय, त्याखालून किती पोरं गेली. शेवट जरा हळवा करायचा, त्याला राग येऊ नये म्हणून. एका खडकाशी थांबून त्यांनी शेवट दोनदा बदलला. पुढे चालणाऱ्या मार्गोच्या तोंडून, नियम असूनही, पुटपुटल्यासारखं आलंच.

"ही वाट नव्हे रे पोरांनो. ही वाटेची सावत्र बहीण आहे."

हेही वाक्य भाषणात होतं. बाईंनी ते मनातल्या मनात खोडलं.

मग झाडं संपली. वर उघडा खडक होता, आणि ॲन्सेल होडी डोक्यावरून उतरवून तसाच उभा राहिला होता. बाकीचीही एकेक करून उभी राहिली.

खाली डावीकडे तपकिरी पाण्याचं मोठं पसरट तळं झालं होतं. मेलेल्या झाडांचे बुंधे त्यात पाय बुडवून उभे होते. मधोमध काटक्यांचा उंच ढीग, झाडं कुरतडून पाणी अडवणाऱ्या बीव्हर प्राण्यांचं घर, आणि टोकाला त्यांनी घातलेला लांबलचक बांध. बाईंची ती सपाट, मऊ, शीळ घालायची वाट या सगळ्याच्या खाली होती. आणि समोर, खडकावरून उतरणाऱ्या वाटेच्या पायथ्याशी, उन्हात पेटीकोट तळं.

"म्हटलं होतं ना," जोलीन म्हणाली. "ओलं."

ॲन्सेलने तिच्यापुढे वाकून नमस्कार केला. "आजपासून तुझ्या मोज्यांना विचारल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही."

एक बीव्हर पाण्यातून नाक वर काढून शांतपणे आपल्या कामाला चालला होता. सर त्याच्याकडे बघत होते. त्यांना जिंकल्यासारखं वाटत होतं का, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. फक्त त्यांनी कपाळावरचा पट्टा काढला तेव्हा खाली लाल पट्टी उमटली होती आणि ती त्यांना शोभत होती.

बाई खडकावर बसल्या. भाषण सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्या पाण्यात बुडालं होतं. मजा अशी, की त्यांना वाईट वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. ऊन होतं, वारा होता, माश्या वाऱ्याने उडाल्या होत्या, आणि आपण कुणालाही कुठेही नेलं नव्हतं.

"सामान इथे कुणी टाकून दिलंय?" ॲन्सेलने विचारलं, आणि हात देऊन त्यांना उठवलं.

पेटीकोटच्या काठावर मुक्काम पडला. सरांनी चूल पेटवली, पीठ भिजवलं आणि सगळ्यांच्या देखत बाईंच्या पिशवीत हात घालून मनुका काढल्या. सामानाची झडती घेतली म्हणून सामान काही बोलू शकत नव्हतं. सूर्य अजून बराच वर होता. रोटी एका बाजूने जरा करपली, मग उलटली, मग तव्यावरून उतरली. सरांनी पहिला तुकडा मोडून बाईंच्या हातात दिला. पोरं कोंडाळं करून बसली. दिवसभराचं साठलेलं बाहेर येणार म्हणून ॲन्सेलने पाठीमागे बिछानासुद्धा घेऊन ठेवला होता.

बाईंनी घास घेतला. चावला. गिळला.

"मी तुम्हाला डावीकडून नेलं असतं," त्या म्हणाल्या.

पुढचं वाक्य येईल म्हणून सगळी थांबली होती. ते आलं नाही.

"म्हणजे?" सर म्हणाले. त्यांना ही थट्टाच वाटली असावी.

"म्हणजे त्या बीव्हरच्या बैठकीत. कमरेएवढ्या पाण्यात, होड्या डोक्यावर घेऊन. वर चढताना मी तुझ्यासाठी भाषण तयार करत होते, वेंडेल. तू वाट कशी चुकवलीस यावर. चांगलं झालं होतं. आणि जोलीनला म्हटलं असतं, पाय काय साखरेचे आहेत."

"ते तुम्ही पहिल्या दिवशीच म्हणालात," जोलीन म्हणाली. "आणि दुसऱ्या."

"म्हणाले ना? आणि विचारलं एकदाही नाही, कुठे ओलं आहे म्हणून."

सगळ्यांच्या माना मार्गोकडे वळल्या. "हे नाही जमणार," ती म्हणाली. "हा आवाज मी कधी ऐकलेलाच नाही."

तेव्हा जे हसू फुटलं ते पलीकडच्या काठावरून परत आलं. बाई सगळ्यात मोठ्याने हसत होत्या. सर तव्याकडे बघत होते.

"मला वाटायचं, तुम्हाला सगळ्या वाटा पाठ आहेत," ते म्हणाले.

"आहेत की. तिथेच तर घोळ झाला. मी पाइन बघितला आणि बाकी काही बघितलंच नाही."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. "खरं सांगू? प्राचार्यांना मी नकार कळवणार होतो. रोज वाटायचं, हे असं, तुमच्यासारखं, आपल्याच्याने..."

"माझ्यासारखं कुणी सांगितलंय तुला?" बाई म्हणाल्या. "एक आहे ती गावाला पुरून उरलीय. कुणालाही विचार."

"विचारायची गरज नाही," ॲन्सेल म्हणाला. "मी गावातलाच आहे."

सरांनी दुसरी रोटी तव्यावर टाकली. कडेने काठीने दाबली. बराच वेळ दाबत राहिले. बाईंच्या जिभेवर, इतकी दाबू नकोस, आतून कच्ची राहील, हे येऊन बसलं. आता मौन संपलं होतं, बोलायला कुणाची हरकत नव्हती. बाईंनी चहाचा घोट घेतला.

"पुढच्या वर्षी," सर म्हणाले, तव्याकडेच बघत, "मनुका राहतील."

मार्गोने जोलीनचा हात धरला. बाईंनी हातातल्या रोटीकडे बघितलं. एक काळा ठिपका मनुकेचा होता. त्याच्या शेजारचा बहुतेक नव्हता. त्यांनी दोन्ही खाल्ले.

"राहू देत," बाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही? डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली तर?"

"मला सामान म्हणून न्यायचं असेल तर बघ. पण सगळे दिवस सामान नाही हं मी. तेवढं माझ्याच्याने होणार नाही."

"एक दिवस बोलायचा देऊ," ॲन्सेल म्हणाला. "चौथा."

मग बाईंचं वाक्य सुरू झालं. दाढेपासून. ती कशी सुजली, त्या वर्षी कोण कोण पोरं होती, त्यातला एक आता अग्निशमन दलात कसा आहे, त्याच्या बायकोने वेलदोड्याच्या पावात लोणी किती घातलं. दुसरी रोटी उतरली. ती आतून थोडी कच्ची होती, आणि बाईंनी गोष्ट न थांबवता आपला तुकडा संपवून आणखी मागितला. पोरं एकेक करून बिछान्यांवर आडवी झाली. जोलीनने मोजे काढून चुलीपाशी वाळत घातले. दिवसभर चालूनही ते कोरडेच होते, पण घातले. आणि बाई बोलत राहिल्या, हातवारे करत, जाकिटाच्या बटणाला भूर्जाची साल अजून लटकत होती. दोरी फिरली होती, त्यामुळे "ही बाजू वर" खाली गेलं होतं.